सिस्टर पाहिजेत: नवख्या हॉस्पिटलमालकांसाठी पहिली इयत्ता

अभिनंदन, डॉक्टर. जिल्ह्याच्या गावी तीस खाटांचं हॉस्पिटल उभं राहिलं, पालकमंत्री फीत कापून गेले, लिफ्टसुद्धा चालू झाली. आता रात्री पेशंटपाशी कोण थांबणार, हा प्रश्न येईल. त्यासाठी नर्स लागतात.

आधी जाहिरात द्या. 'जीएनएम, बीएससी नर्सिंग, अनुभवी, पगार योग्यतेनुसार.' योग्यता कुणाची, ते मोघम ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०१६ साली बसलेल्या समितीने पन्नासहून कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातही नर्सला महिन्याला किमान २०,००० रुपये द्यावेत, असं सुचवलं होतं. घाबरू नका. ती शिफारस आहे, आणि शिफारशीचं काय करायचं ते गावातल्या डॉक्टरांच्या बैठकीत जेवणाची ताटं येण्याआधीच ठरलेलं असतं.

तीन वर्षं शिकलेली जीएनएम महाग वाटली तर दोन वर्षांची एएनएम घ्या. तीही महाग वाटली तर बारावी झालेल्या मुलीला युनिफॉर्म शिवून द्या. सहा महिन्यांत ती सलाईन लावायला शिकते आणि पेशंट तिलाही सिस्टरच म्हणतो. नर्सिंग होमच्या नोंदणीचं नूतनीकरण आलं, की कौन्सिलची नोंदणी असलेल्या कुणाची तरी सर्टिफिकेटं फाइलला लावायची. ती बाई तुमच्याकडे पाऊल टाकत नाही, पण हजेरीपटावर तिच्याइतकं नियमित कुणी नसतं.

आता पिढ्या. हा विषय हल्ली कॉन्फरन्समध्ये फार चालतो, तेव्हा पाठ करून टाका.

पहिली पिढी पन्नाशीची. कुणी मिशन हॉस्पिटलात शिकलेली, कुणी सिव्हिलमध्ये. सुकलेल्या बाळाची व्हेन तुम्हाला तीनदा टोचूनही मिळत नाही, तेव्हा ती 'बघू का, सर?' म्हणते आणि पहिल्या फटक्यात लावते. हिला पगारवाढ नको, ती घरचीच आहे, असं समजा. तिला 'तुम्ही तर आमच्या आईसारख्या' म्हणा. ती हसेल. तिच्या मुलीला तिने नर्सिंगला का घातलं नाही, हे मात्र विचारू नका.

दुसरी पिढी पस्तिशीची. शाळेत जाणारी दोन मुलं, घरी सासू. हिला फक्त महिन्याचा ड्यूटीतक्ता आठ दिवस आधी हवा असतो. नेमका तोच देऊ नये. तक्ता रविवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर टाकावा, आणि नाईट करून सकाळी ओव्हर देऊन ती चपला घालत असताना 'दुपारची सिस्टर आली नाही, डबल कराल का?' असं विचारावं. नाईट ऑफच्या दिवशी घरी फोन करावा. बाळंतपणाची रजा २०१७ पासून २६ आठवड्यांची झाली आहे. त्यामुळे मुलाखतीतच 'लग्न ठरलंय का?' हे विचारून ठेवणारे काही दूरदर्शी लोक आहेत.

तिसरी पिढी बावीस-तेविसाची. हिच्याविषयी तक्रार करायला सगळ्यांना आवडतं: मोबाईल सोडत नाही, उलट बोलते, ड्यूटी संपली की निघते. शेवटच्या मुद्द्यावर जरा थांबा. ड्यूटी संपल्यावर निघणं हा पिढीचा दोष ठरवता आला, की एका सिस्टरच्या गळ्यात पंधरा पेशंट का, या प्रश्नाकडे कुणी वळत नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात साध्या हॉस्पिटलातही पाच पेशंटमागे एक नर्स धरली आहे. पंधराचे पंधरा तर पन्नाशीच्या सिस्टरनाही नको होते. त्यांना तसं बोलायची सोय नव्हती, एवढंच. पिढ्यांचं हे सगळं शास्त्र मुख्यतः याच कामी येतं, आणि त्याबद्दल त्याचे आभार मानावेत.

ही मुलगी नाईटला जर्मन शब्द पाठ करते. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सही आहेत. म्हणजे तुमची स्पर्धा आता समोरच्या बालरुग्णालयाशी राहिलेली नाही. यावर पारंपरिक उपाय म्हणजे बाँड आणि मूळ सर्टिफिकेटं कपाटात. मुलगी थांबते, पण मन लावून नाही. आणि एक दिवस पोलिसांत तक्रार देऊन कागद घेऊन जाते. कपाटाला चांगलं कुलूप घेतलं असेल तर तो खर्च वाया.

प्रशिक्षण, कौतुक वगैरे: १२ मेला, म्हणजे परिचारिका दिनाला, केक. मोठा आणा, मावशी आणि वॉर्डबॉयही असतात.

एवढं करूनही सिस्टर राजीनामा देतात. मग अनुभवाचा दाखला मागतात, सोबत पगाराच्या स्लिपा. इथे नवखे अडखळतात. बँकेत एक पगार जमा करून त्यातला काही भाग रोख परत घेत असाल, तर स्लिपवर कोणता आकडा लिहायचा, ते तुमच्या सीएंना विचारा. सिस्टरना विचारू नका. त्यांना दोन्ही आकडे पाठ असतात, महिन्यांसकट.