चंदेरी डिस्कचा जमाखर्च

प्रति,
श्री. डिस्कवाले भाऊ
(जुन्याचे नवे करून मिळेल),
अकोला.



नावानं ओळख पटणार नाही, म्हणून गाडीनं सांगतो. २०११ ची पांढरी पिकअप, डाल्याच्या फळीवर शेगावच्या महाराजांचं चित्र, मागचं डावं चाक डुगडुगणारं. तुम्ही आतून चाकाची एक चंदेरी डिस्क आणलीत, गोणपाटावर ठेवलीत आणि म्हणालात, ‘‘कंपनीचीच हाय भाऊ. दहा वर्सं पाह्याचं काम नाही.’’ मी तुमचं ऐकलं. पाहिलं नाही.

दहा वर्षं जरा लवकर संपली हो. एकोणीस दिवसांत.

मोर्शीहून आंबिया बहाराची संत्री भरून अकोल्याला निघालो होतो. बावन्न कॅरेट, मोजून. त्या दिवशी तरी मोजून. बडनेरा गेलं, लोणी गेलं. मानाच्या अलीकडे मागून खट्‌-खट्‌ असा आवाज यायला लागला. पोरगा म्हणाला, ‘‘बाबा, कॅरेट हालून रायले.’’ मलाही तेच बरं वाटलं. माणसाला स्वस्त निदान आवडतं. दोन मिनिटांत गाडी मागून डावीकडे अशी बसली, जशी म्हैस बसते. आधी मागचा पाय, मग सगळं अंग. वेग चाळीसचा होता म्हणून आम्ही दोघं वाचलो. सहा कॅरेट रस्त्यावर सांडली, आणि बाजूच्या शेतातल्या बायांनी ती निम्म्याहून जास्त आम्हाला परत भरून दिली, हे वऱ्हाडाबद्दल लिहून ठेवण्यासारखं आहे.

तुम्हाला तिथूनच फोन लावला. तुम्ही क्षणाचाही विलंब न लावता रोगाचं निदान केलंत : ‘‘खड्ड्यात गेली असन.’’

भाऊ, इथं तुमचं नशीब फिरलं. खड्ड्याचं नाव घ्यायला आपल्या दोन जिल्ह्यांत जागा थोड्या आहेत का? काळ्या मातीवरचा कुठलाही रस्ता घ्या. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचं डांबर लाटा मारतं. खारपाणपट्ट्यातल्या एखाद्या गावरस्त्यावर ही डिस्क मोडली असती तर मी निमूट मान हलवली असती. मोडली कुठं? राष्ट्रीय महामार्ग ५३, लोणी ते माना. ज्या पट्ट्यात ३ जून २०२२ ला सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी डांबर पडायला सुरुवात झाली आणि ७ जूनला संध्याकाळी ५ वाजता संपली. १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरची सलग एक लेन, ७२० माणसं राबत होती, आणि गिनीज बुकात नोंद. त्याआधीचा विक्रम कतारचा होता : २५ किलोमीटर आणि वर थोडं, दहा दिवसांत. म्हणजे सबंध वऱ्हाडात खड्ड्यावर ढकलायला जी एक जागा सोयीची नव्हती, नेमकी तीच तुमच्या डिस्कनं निवडली. गाडी बसली तिथं मी पायानं चाचपून पाहिलं. गोटी ठेवली असती तर घरंगळली नसती.

आता डिस्कविषयी. ती माझ्या समोर आहे, अंगणात, लिंबाखाली. दोन तास घेऊन बसलो होतो, पोथी घेऊन बसावं तसा.

बोल्टाच्या एका भोकापासून हवेच्या खिडकीपर्यंत ती फाटली आहे. फाटलेल्या कडेवर थर मोजता येतात. वर चंदेरी रंग. त्याखाली लांबी, पेंटर दाराला भरतात तीच. लांबीखाली वेल्डिंगचा वेढा, ग्राइंडर मारून सपाट केलेला, पण खिडकीच्या आतल्या बाजूला हात पोचला नाही म्हणून तिथं गांडुळासारखा तसाच राहिलेला. आणि सगळ्यात बोलकी गोष्ट पुढे आहे. फाटलेल्या लोखंडाचा अर्धा भाग तपकिरी गंजलेला आणि उरलेला अर्धा ताजा, दाणेदार, चमकणारा. तपकिरी अर्धा तुमच्या दुकानातला. चमकणारा मानाचा. म्हणजे भेग तुम्ही विकलीत, मी फक्त ती पूर्ण केली. वेल्डिंगनं भेगेचं तोंड शिवता येतं हो, पण शेजारचं लोखंड तापून गार होताना तिथं नवा ताण बसतो, आणि पुढची भेग त्याच शिवणीच्या काठानं निघते. हे तुम्हाला माहीत नसावं असं मी म्हणणार नाही. इतकी सुबक लांबी अडाणी माणूस लावत नाही.

बनवणाऱ्याचं नाव, माप, तारीख आणि आयएसआयची खूण जिथं ठोकलेली असते, तिथं ग्राइंडरच्या गोल-गोल खुणा आहेत. एखाद्याचा जन्मदाखला इतक्या मेहनतीनं खोडणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

तुमच्या कृपेनं माझं शिक्षण मात्र झालं. दुसरी डिस्क घ्यायला गेलो तेव्हा दुकानदार वैतागेपर्यंत विचारलं. भोकं किती, एवढ्यावर भागत नाही. ती भोकं ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास जुळायला हवा, त्यालाच पीसीडी म्हणतात. जुन्या विलीज जीपची पाच भोकं साडेपाच इंचांच्या वर्तुळावर, म्हणजे १३९.७ मिलिमीटर. ‘एकशे चाळीस धरा न भाऊ’ म्हणणाऱ्याकडून घेऊ नये. मधलं भोक हबावर नीट बसतंय की सगळा भार नटांवर लटकतोय, तेही पाहावं. डिस्क आत किती, बाहेर किती येते, ते पाहावं. फार बाहेर आली तर गाडी ऐटदार दिसते आणि बेअरिंग रडतं. नटाचं तोंड निमुळतं असेल तर भोकाची कडही तशीच उतरती हवी, नाहीतर पाना कितीही ओढा, नट सैल होणारच. आणि हो, चाक बसवून शंभरेक किलोमीटर गाडी चालली की नट पुन्हा आवळायचे, एकाआड एक, चांदणी काढतो तसे. तुम्ही ते गोलात आवळले होते, एका पायावर उभं राहून. तेव्हा मला त्यात कौशल्य दिसलं होतं.

भार हा सगळ्यात मोठा धडा. गाडी आणि माल मिळून तीन टनांच्या घरात, आणि भरल्या गाडीत त्यातला मोठा वाटा मागच्या दोन चाकांवर. टायरवर मापाच्या पुढं १०० लिहिलेलं असतं, ते शंभर किलो नव्हे. तो ८०० किलोचा आकडा. १०९ म्हणजे १०३०. कारचा टायर पिकअपला चढतो, बसतो, दिसतोही छान. चपराशाच्या खांद्यावर हमालाचं पोतं द्यावं तसा. टायरच्या बाजूला चार आकडे लंबगोलात असतात : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तुम्ही डिस्कसोबत ‘जवळजवळ नवा’ म्हणून जो टायर दिलात, त्याचे आकडे मी आता वाचले. तो माझ्या पोराच्या दहावीपेक्षा जुना आहे, आणि पोरगा आता ट्रकचं लायसन काढतोय.

तुम्ही जाता जाता अलॉयचंही दाखवलं होतं, ‘‘हलकी हाय, शान हाय.’’ शान आहे. पण पोलादी डिस्क मार खाऊन वाकते, आणि वाकली की गाडी डुगडुगून सांगते. अलॉय बऱ्याचदा न सांगता तडकते. संत्र्याच्या बागेतल्या बांधावरून जाणाऱ्या गाडीला सांगणारं चाक बरं. (माझ्या साल्यानं अलॉय बसवलेत. त्याची गाडी लग्नाला जाते, बागेत जात नाही.)

लहानपणी वडील मूर्तिजापूर स्टेशनवर घेऊन जायचे. आम्हाला शकुंतला, ती छोट्या लाइनीची गाडी, पाहायची असायची, तेव्हा तिला वाफेचं इंजिन होतं. १९९४ पर्यंत होतं. वडील मात्र मोठ्या लाइनीवर एका माणसाकडे बोट दाखवायचे. लांब दांड्याचा हातोडा घेऊन तो गाडीच्या कडेनं चालायचा आणि प्रत्येक चाकावर एकेक टोला देत जायचा. टण्ण. टण्ण. टण्ण. वडील म्हणायचे, ‘‘तो कानानं पाहून रायला.’’ माठ घेताना आई करायची तेच. डिस्कचंही तसंच : मोकळी डिस्क दोरीला टांगायची, पान्यानं वाजवायची. सलग लोखंड गातं, भेगाळलेलं खोकतं. बारीक भेग कानाला फसवते, तेव्हा डिझेलचा बोळा फिरवायचा, कोरडं पुसायचं आणि वर खडूची भुकटी लावायची; भेग असली तर थोड्या वेळात ओली रेघ उमटते. एका खडूचं काम होतं.

तेवढं मी केलं नाही, कारण तुमची डिस्क नव्या डिस्कच्या निम्म्या भावात मिळत होती आणि त्यातही मी दोनशे रुपये कमी करवले होते. ते दोनशे कमी करवताना मला जो आनंद झाला होता, तो आठवून आता अंगावर काटा येतो. तुम्ही लगेच कबूल झालात, तिथंच मी थांबायला हवं होतं.

मोडकी डिस्क टाकून देववेना. गावच्या जिल्हा परिषद शाळेत घंटा म्हणून लोखंडाचा एक तुकडा टांगलेला आहे, त्याऐवजी ही लावू म्हणून घेऊन गेलो. हेडमास्तरांनी आनंदानं टांगली. शिपायानं टोला दिला. थप्प. दुसरा दिला. थप्प. वर्गातून एकही पोरगं बाहेर आलं नाही. हेडमास्तरांनी ती उतरवून माझ्या डाल्यात परत ठेवली आणि म्हणाले, ‘‘राहू द्या भाऊ, आमचा तुकडाच बरा.’’

तेव्हा ती लिंबाखाली आहे. न्यायला येताना बिल घेऊन या. त्या दिवशी तुम्ही अगरबत्तीच्या पुड्यामागं ‘१ नग’ एवढंच लिहून दिलं होतं.

आपला,
पांढऱ्या पिकअपवाला