टिळकांनी किराणा आणला नाही

शहाड स्टेशनबाहेर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फ्लेक्स लागला की त्यावरचा माणूस ओळखू येत नाही. फोटो त्याचाच असतो, कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून मोठा केलेला. शेजारच्या माणसाचा खांदासुद्धा थोडा आलेला असतो. घोळ असतो तो खालच्या मजकुराचा. हयातभर चाळीच्या गॅलरीत क्रिकेटच्या मॅचचं धावतं वर्णन करणारा, वरातीत बँडवाल्याच्या हातातून खुळखुळा हिसकावून घेणारा, बायकोने कोथिंबीर सांगितली तर फणस घेऊन येणारा गडी तिथे ‘शांत, संयमी आणि मितभाषी’ झालेला असतो. बायकोला विचारलं तर ती म्हणेल, “कसले शांत! घर डोक्यावर घ्यायचे.” पण बायकोला कुणी विचारत नाही. फ्लेक्सचा मजकूर दीर लिहितो, आणि दिराला घाई असते.

एका बायकोला मात्र विचारलं गेलं. विचारणारा तिचा मुलगा होता, आणि उत्तर एवढं लांबलं की त्याचे चार भाग झाले.

बाई म्हणजे लक्ष्मीबाई टिळक, आणि नवरा म्हणजे कवी नारायण वामन टिळक. शहाडकरांनी ह्यांना परके समजू नये. टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा; पण 1869 ते 1873 ह्या काळात त्यांनी प्राथमिक शाळेची पाटी घासली ती कल्याणात. पुढे त्यांचं आयुष्य मुख्यतः नाशिक, नगर आणि मुंबई असं फिरत राहिलं. आता नकाशा बघा. नाशिककडचा लोहमार्ग कल्याण सोडलं की पहिल्यांदा शहाडलाच येतो, आणि कल्याणहून मुरबाड, माळशेज करत नगरला जाणारा रस्ता शहाडच्याच पुलावरून जातो. शहाड ही काही टिळकांची कर्मभूमी नाही, पण त्यांच्या वाटेवर आहे, एवढा हक्क सांगायला हरकत नसावी. कल्याण-डोंबिवलीचे लोक ह्यापेक्षा बारीक धाग्यावर मोठमोठी माणसं आपली म्हणून सांगतात.

टिळक कोणाला आठवतात ते ‘फुलांमुलांचे कवी’ म्हणून. शाळेच्या पुस्तकात एवढंच लिहिलेलं असतं आणि त्यात खोटं काही नाही. ‘बापाचे अश्रू’सारखी कविता त्यांनी लिहिली, मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ ह्या मासिकाचं संपादन केलं, बालकवी ठोंबऱ्यांना घरच्या मुलासारखं आपल्या घरात ठेवून घेतलं. फ्लेक्सला हे पुरेसं झालं असतं. लक्ष्मीबाईंना ते पुरेसं वाटलं नाही, कारण फुलांमुलांच्या कवीच्या घरात मीठ-मिरची कोणी आणायची हा प्रश्न शाळेच्या पुस्तकाला पडत नाही. तो त्यांना रोज पडायचा.

त्या प्रश्नाचा एकदा लागलेला निकाल असा. घरात वाणसामान नव्हतं. लक्ष्मीबाईंनी होते ते पैसे नवऱ्याच्या हातावर ठेवले आणि त्याला बाजारात पाठवलं. स्वारी परत आली ती एक सुरेखशी दौत घेऊन. शाईची दौत. पैसे दौतीत गेले, आणि वर तिचं कौतुक करायला बायकोने चुलीपुढून उठून यावं अशी अपेक्षा! ह्या प्रसंगाची गोम अशी की टिळकांनी फसवणूक केली नव्हती. दारू नाही, जुगार नाही, मित्रांची चैन नाही. बाजारात शिरलेल्या माणसाला दुकानात एक देखणी वस्तू दिसली आणि त्या क्षणी जगातलं सगळं वाणसामान अदृश्य झालं, एवढाच अपराध. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? लक्ष्मीबाई भांडल्या. आयुष्यभर भांडल्या, आणि मग सगळं लिहून काढलं.

असा नवरा पोरीला मिळावा म्हणून माहेर जणू आधीपासून तयारीत होतं. लक्ष्मीबाई जलालपूरच्या गोखल्यांच्या. वडिलांच्या सोवळ्याची तऱ्हा अशी, की बाजारातून आलेलं धान्य तर राहोच, मीठसुद्धा धुऊन घरात घ्यायचं. धुतल्यावर मिठाचं काय उरायचं ते ज्याचं त्याने समजावं. तर वयाच्या अकराव्या वर्षी ही पोर मीठ धुणाऱ्या घरातून उठली आणि मीठ आणायलाच विसरणाऱ्या घरात पडली.

नोकरी हा प्रकारही टिळकांना मानवत नसे. शिक्षकी, भिक्षुकी, छापखान्यात खिळे जुळवणं, नागपूरला संस्कृत ग्रंथांची भाषांतरं करणं. एका गावी बस्तान बसतंय असं वाटलं की ह्यांच्या पायाला भिंगरी लागे. रागाने घराबाहेर पडायचे आणि कधी परततील ह्याचा नेम नसायचा. राग लवकर यायचा, जायचा त्याहून लवकर, आणि गेल्यावर टिळकांना तो आठवायचाही नाही. बायकोला आठवायचा. म्हणून तर पुस्तक झालं.

आगगाडीतल्या गप्पांतही ह्या माणसाला धोका होता. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांचं बोलणं झालं. त्याने बायबल हातात ठेवलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. चौथ्या सीटवरच्या माणसाशी एक शब्द न बोलता वर्षानुवर्षं कसारा लोकलने जाणाऱ्या आजच्या प्रवाशाला हे पटणार नाही, पण तेव्हा कानात हेडफोन नव्हते.

इथून पुढची साडेचार-पाच वर्षं मात्र विनोदाची नव्हेत. एकुलता मुलगा दत्तू कडेवर, नवरा धर्म बदलून बसलेला आणि सगेसोयरे अवतीभवती रडणारे, अशा अवस्थेत लक्ष्मीबाईंनी पंढरपुरात बहिणीकडे दिवस काढले. हे त्यांनी लपवलेलं नाही आणि त्यावर साखरही पेरलेली नाही. मग त्या आपण होऊन नवऱ्याकडे नगरला आल्या. आणि इथे हा बेभरवशाचा, किराणा विसरणारा गृहस्थ अचानक भलताच भरवशाचा निघाला. त्याने बायकोच्या सोवळ्याला हात लावला नाही. एका घरात ख्रिस्ती नवरा आणि सोवळ्यातली बायको, तिची चूल वेगळी, पाणी वेगळं. “मी झालो, तूही हो,” असा हट्ट नाही. त्या काळच्या नवऱ्यांची सर्वसाधारण रीत पाहता हे आक्रीतच. पुढे जातपात माणसाने केलेली, देवाने नव्हे, हे लक्ष्मीबाईंच्या मनाने त्यांना स्वतःच सांगितलं आणि 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. दौतीच्या बाबतीत नवऱ्याला कधीही माफ न केलेल्या बाईने ह्या बाबतीत त्याला पुरे गुण दिले आहेत. प्रेमळ नवरा कसा असतो ह्याचा दाखला म्हणून वाढदिवसाच्या भेटींपेक्षा ती दुसरी चूल जास्त वजनाची, असं प्रस्तुत लेखकाचं मत आहे. भेट म्हणून दौत आली असती, ही गोष्ट वेगळी.

घरात माणसं कमी असावीत असं टिळकांना कधी वाटलं नाही. अनाथ मुलं यायची, राहायची, घरचीच व्हायची. एक खाणारं तोंड वाढलं की टिळकांना कविता सुचणार आणि लक्ष्मीबाईंना पीठ पुरवायचं सुचणार, ही कामाची वाटणी ठरून गेलेली. 1917 साली तर टिळकांनी संन्यास घेतला. ख्रिस्ती संन्यास, मिशनच्या पगारावर पाणी सोडलं आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. संन्याशाला बायको असावी की नसावी ह्याचा शास्त्रार्थ कोणी करत बसला नाही. बायको होती आणि दरबाराला येणाऱ्यांच्या जेवणाचं बघत होती.

9 मे 1919 रोजी टिळक मुंबईत वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाचं दफन न करता दहन करण्यात आलं. जाता जाताही रीत मोडलीच.

नंतर मुलाला, म्हणजे देवदत्ताला, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. त्याने आईला म्हटलं, तुझ्या आठवणी लिहून दे. 1924 च्या सुमारास ती लिहायला बसली. शाळेत न गेलेली बाई. अक्षरं गिरवून घेतली ती नवऱ्याने, तीही रागालोभाच्या शिकवणीत, आणि जोडाक्षरांशी तिचं कधी फारसं सूत जमलं नाही. मुलाला हवे होते चरित्राचे मुद्दे. हाती आलं ते ‘स्मृतिचित्रे’. ‘संजीवनी’ नियतकालिकातून ते लोकांनी वाचलं, 1934 साली पहिला भाग पुस्तकरूपाने निघाला, आणि मराठीत त्या तोडीची आत्मचरित्रं बोटांवर मोजण्याइतकीच.

पानोपानी ती नवऱ्याला ‘टिळक’ म्हणते. ‘हे’ नाही, ‘आमचे कैलासवासी’ नाही. आणि रडत नाही. टिळक रागावले, टिळक निघून गेले, टिळकांनी कुणाला तरी घरी आणलं, टिळकांनी पैसे देऊन टाकले. तक्रारींची ही यादी वाचता वाचता एका जागी लक्षात येतं की हा माणूस आपल्याला आवडायला लागलाय. गुणवर्णन करून हे जमलं नसतं. मेल्यानंतरही ज्याच्यावर बायको चिडू शकते तो माणूस पुरता मेलेला नसतो, आणि फ्लेक्स लिहिणाऱ्या दिराची नेमकी इथेच गाडी चुकते.

टिळकांनी मागे ठेवलेला सर्वांत मोठा घोळ म्हणजे ‘ख्रिस्तायन’. ओवीबद्ध महाकाव्य करायला घेतलं आणि सुरुवातीच्या अध्यायांतच सोडून गेले. सामान आणायला गेलेला माणूस वाटेतच थांबला. मग नेहमीप्रमाणे लक्ष्मीबाईंनी पदर खोचला आणि पुढचे 64 अध्याय रचले. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्याही गेल्या, तेव्हा ‘स्मृतिचित्रे’चा शेवटचा भाग अर्धा राहिला होता, तो देवदत्ताने पुरा केला. ह्या घराण्यात सुरू एकाने करायचं आणि निस्तरायचं दुसऱ्याने, असा रिवाजच दिसतो. नातू अशोक देवदत्त टिळक ह्यांनी तर पुढे सगळं पुस्तक टिपांसकट नव्याने संपादित केलं आणि आजीने घाईत टाकलेले तपशील तपासून घेतले.

ती आवृत्ती चांगली जाडजूड आहे. शहाडहून सकाळची लोकल पकडून उभ्याने जाणाऱ्याने ती एका हातात धरायचा प्रयत्न करू नये. पुस्तक पडेल, आणि ते दौतीच्या पानावर पडलं तर शेजारचा प्रवासी तुमच्याआधी हसायला लागेल.