आग्रह न मानवणारं झाड

मराठी घरात झाडाला नोकरी करूनच राहावं लागतं. तुळस देवाचं बघते, कढीपत्ता फोडणीचं, गवती चहा सर्दीपडशाचं, कोरफड भाजल्या-पोळल्याचं. जास्वंदीची तर गणपतीच्या खात्यात कायमची नेमणूक असते. मनीप्लँट नुसताच लोंबकळताना दिसतो, पण घराची आर्थिक बाजू त्याच्याकडे असते म्हणे. आमच्याकडे तो बरीच वर्षं बिनपगारी रजेवर आहे. अशा घरात ऑर्किड येतं तेव्हा पहिला प्रश्न येतो, "हे कशाला चालतं?"

आमच्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये ते नवऱ्याच्या बढतीच्या निमित्ताने आलं. जांभळ्या फुलांनी वाकलेली एक दांडी, खाली चार जाड पानं, सोनेरी रिबीन आणि चकचकीत चिनी मातीची कुंडी. जात फॅलेनॉप्सिस. सासूबाईंनी फूल हुंगलं. वास नाही, म्हणजे गजरा बाद. देवाला वाहायचं तर कोणत्या देवाला, हे कुठल्याच पोथीत नाही. "लग्नात स्टेजवर लावतात ते हेच ना?" त्यांनी विचारलं. ते याच्या कुळातलं डेंड्रोबियम, थायलंडहून खोक्यांनी येणारं. "म्हणजे हे तेही काम करत नाही," असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

फॅलेनॉप्सिसची फुलं दोन-दोन, तीन-तीन महिने टिकतात. दसऱ्याच्या रात्रीच झेंडूचा चोळामोळा बघत आलेल्या माणसांना हे पटत नाही. येणारा प्रत्येक पाहुणा "खरं आहे?" असं विचारायचा आणि उत्तराची वाट न पाहता पाकळीला चिमटा काढायचा. एका आत्याबाईंनी तर नखाने ओरखडा काढून खात्री केली आणि मग "अगंबाई, खरंच की!" म्हणून आम्हालाच शाबासकी दिली.

यथावकाश फुलं गळाली. उरली नुसती काठी आणि चार पानं. झाड आता विश्रांती घेणार होतं, पण आमच्या घरात विश्रांती हे आजारपणाचं पहिलं लक्षण मानतात. "खंगलं गं," सासूबाई म्हणाल्या आणि घर कामाला लागलं.

आमच्याकडे माया वाढून दाखवली जाते. पानावर आडवा धरलेला हात बाजूला करून तुपाची धार सोडणं, "एवढीशी तर आहे" म्हणत तिसरी पुरणपोळी टाकणं, हे सासूबाईंच्या हातचे संस्कार. त्यांनी ऑर्किडला पहाटे तांदळाचं धुवण, दुपारी दुधाची पिशवी विसळलेलं पाणी आणि संध्याकाळी चहाचा चोथा सुरू केला. कामाच्या मावशींना पानं निस्तेज वाटली, म्हणून त्या ती खोबरेल तेलाने पुसू लागल्या. पानं अशी चकाकायची की भांग पाडून घ्यावा. या झाडाच्या पानांवरची सूक्ष्म छिद्रं रात्री उघडतात आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड तेव्हाच आत घेतात. त्या छिद्रांवर मावशींचं तेल बसलेलं.

नवरा इंजिनिअर. त्याचा भावनांवर विश्वास नाही, यंत्रांवर आहे. त्याने कुंडीतला ओलावा मोजणारी सळई मागवली. फॅलेनॉप्सिस मातीत लावत नाहीत. झाडाच्या सालीचे तुकडे, कोळसा, नारळाचं सोडण, असल्या भरड गोष्टींत लावतात. मधल्या पोकळीत सळईला धड काही टेकतच नाही, त्यामुळे ती कायम 'कोरडं' असंच सांगायची. नवरा दर वेळी एक्सेलमध्ये नोंद करून शास्त्रशुद्ध पद्धतीने पाणी घालायचा. शेजारच्या काकूंना तर ती साल बघून भडभडूनच आलं. "अगं, बिचारं लाकडाच्या भुशात उभं आहे, मूठभर माती तरी घाल!" असं म्हणून त्यांनी स्वतःच दोन मुठी घातल्या. चिनी मातीची कुंडी बिनभोकाची. या सगळ्यांचं प्रेम तिच्या तळाशी साचत होतं.

या धामधुमीत मी काय करत होते? काही नाही. माझा स्वभावच तसा आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी सासूबाई पाहुण्यांना माझी ओळख "तशी हुशार आहे" अशी करून देतात. त्या 'तशी'मध्ये माझा आळस येतो.

पानं सुरकुतली, तेव्हा ठरलं की पाणी कमी पडतंय. पाणी वाढवलं. आणखी सुरकुतली. शेवटी नवऱ्याने कुंडी उचलून नर्सरीत नेली, आम्हीही मागोमाग गेलो. तिथल्या काकांनी झाड उपसून दाखवलं. मुळं तपकिरी, लिबलिबीत, बोटाने दाबली की साल निघून आत नुसता दोरा. मुळंच कुजल्यावर पाणी वर चढणार कुठून? झाड पाण्यात उभं राहून तहानेने मरत होतं. काकांनी कुजकं सगळं कापलं, धडधाकट चार-पाच मुळं ठेवली, नवी साल भरली, भोकाभोकांची पारदर्शक कुंडी दिली आणि विचारलं, "घरात सगळ्यात आळशी कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकमताने झालेली ही माझी आयुष्यातली पहिली निवड.

"मग पाणी फक्त ह्याच घालतील," काका म्हणाले. "बाकीच्यांनी हात लावायचा नाही."

पदभार स्वीकारल्यावर मी थोडं वाचन केलं (बसून करता येतं), तर इतिहासही माझ्या बाजूचा निघाला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या धनिकांना ऑर्किडचं वेड लागलं. उष्ण प्रदेशातलं झाड म्हणजे त्याला ऊब हवी, असं धरून त्यांनी ती बंद काचघरांत, भट्ट्या पेटवून, वाफेत कोंडून ठेवली. जहाजं भरभरून आलेली झाडं या पाहुणचाराने मेली. १८३०च्या दशकात चॅट्सवर्थ या सरदारी वाड्याच्या बागेत माळी जोसेफ पॅक्स्टनने, पुढे १८५१चा क्रिस्टल पॅलेस उभारणाऱ्यानेच, काचघरात मोकळी हवा खेळवली, ज्याच्या त्याच्या प्रकृतीप्रमाणे गारवा दिला आणि झाडं जगू लागली. आमच्या घरात जे घडलं ते इंग्रज सरदारांच्या घरात आधीच घडून गेलं होतं, हे मी जेवताना सगळ्यांना सांगितलं. "त्यांच्याकडे नव्हतं तांदळाचं पाणी," सासूबाई म्हणाल्या.

आणि इंग्लंड कशाला, आपल्या सह्याद्रीत बघा. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने २०१९ साली देशातल्या ऑर्किडच्या १,२५६ जाती नोंदवल्या. त्यातली सीतेची वेणी आंबोलीच्या बाजूला उंच फांदीवर बसून असते. वेणीचा घोस उन्हाळ्याच्या अखेरीस लोंबतो, तो तिला कुणी तुपाची धार सोडली म्हणून नव्हे. लोक तिला बांडगूळ म्हणून मोकळे होतात, पण ती फांदीचा रस पीत नाही. फक्त बसायला जागा घेते. चार महिने धुवांधार पाऊस झेलते, कारण पाणी मुळांवरून निथळून जातं आणि वारा ती लगेच सुकवतो. उरलेले महिने कोरडे काढते. या मुळांवर मृत पेशींचं जाड पांढुरकं आवरण असतं. ते पाणी झटकन शोषतं आणि ओलं झालं की खालचा हिरवा रंग दिसू लागतो. आमच्या झाडाचंही तसंच. मूळ हिरवं तोवर पाणी नको. चंदेरी झालं की द्यायचं. सळई नको, एक्सेल नको, कुंडी पारदर्शक हवी आणि बघायला डोळे. उठायचंसुद्धा कारण नाही, सोफ्यावरून दिसतं.

तेव्हा माझा दिनक्रम असा : साधारण आठवड्याने, मुळं चंदेरी दिसली की सकाळी कुंडी नळाखाली धरायची, निथळू द्यायची, पानांच्या बेचक्यात पाणी राहिलं तर टिपून घ्यायचं, नाहीतर शेंडा कुजतो. पूर्वेच्या खिडकीत, दुपारचं ऊन लागणार नाही असं ठेवायचं. पान काळपट हिरवं झालं तर उजेड कमी, तांबूस झालं तर जास्त. खत अगदी पातळ करून, तेही आठवण झाली तर. माझ्या इतक्या नेमक्या योग्यतेचं काम मला आजवर कुणी दिलं नव्हतं.

फुलासाठी मात्र माझा आळसही पुरत नाही. फॅलेनॉप्सिसला दांडी काढायला काही आठवडे गारवा लागतो. ठाण्यात तो मिळतो थंडीत. जानेवारीच्या सुमारास पानाच्या बगलेतून हिरवं टोक डोकावलं. मुळाचं टोक गोल असतं, दांडीचं जरा चपटं. नवऱ्याने भिंगातून पाहून दांडीच असल्याचं जाहीर केलं आणि श्रेयाची वाटणी सुरू झाली. सासूबाईंच्या मते तांदळाच्या पाण्याचा गुण उशिरा लागला. नवऱ्याच्या मते एक्सेलमुळे शिस्त आली. मावशींनी तेलाचं नाव काढलं.

मी एकच सुचवलं, की आमच्या चिरंजीवांची दहावी आहे, त्याच्या मागेही चार जण लागण्यापेक्षा हाच प्रयोग करून पाहावा. उजेडात बसवावं, हवा खेळू द्यावी, मागितल्याशिवाय काही घालू नये. चिरंजीवांनी पुस्तकातून मान वर करून पहिल्यांदाच आईच्या बुद्धीची तारीफ केली.

"झाडाला बोर्डाची परीक्षा नसते," सासूबाई म्हणाल्या आणि त्याच्यासमोर बदामाचं दूध ठेवलं.

"नको आजी, आत्ताच प्यायलो."

"बरं, मग अर्धाच घे," असं म्हणत त्यांनी पेला काठोकाठ भरला.