खुराड्याचं काम प्रगतिपथावर आहे

लहान शेतकऱ्याच्या घरी पक्कड एकच असते आणि ती लागते तिथे कधीच नसते. ती विहिरीवर असते, स्प्रिंकलरच्या पाइपापाशी गवतात पडलेली असते, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरच्या पेटीत असते, नाहीतर डीपीवर फ्यूज टाकायला गेलेल्या माणसाच्या खिशात बसून गावभर हिंडत असते. आणि खुराड्याचं अख्खं काम पक्कडीचं. जाळी तोडायला पक्कड, तार पिळायला पक्कड, वाकडा गेलेला खिळा उपटायला पक्कड. जागा ठरलेली, लाकूड आणलेलं, पैसे बाजूला काढलेले. तरी दसऱ्याला कुदळ मारलेल्या आमच्या खुराड्याला होळीपर्यंत दार नव्हतं. का, असं कुणी विचारलं तर मी एवढंच कारण सांगतो. बाकीची कारणं सांगायला बसलो तर सांगण्यातच दिवस जाईल, आणि त्या दिवशी नेमकी लाईन असेल.

वावर आमचं चिखली तालुक्यातलं, घाटावरचं. खरिपात सोयाबीन आणि त्यात तुरीची तासं, रब्बीत हरभरा. चार एकराचा एक फायदा म्हणतात, की सगळं नजरेत राहतं. राहतं खरं. खुराड्याच्या खड्ड्यात उभं राहिलं की निंदायचं राहिलेलं दिसतं, बैलाने तोडलेलं दावं दिसतं, पाइप सटकून एकाच सरीत साचलेलं पाणी दिसतं. पन्नास एकरवाल्याला हे काही दिसत नाही, म्हणून त्याची बांधकामं वेळेत होतात.

दसऱ्याचा मुहूर्त आईने काढला. मुहूर्तात खोट नव्हती. फक्त दसऱ्याच्या आसपास इकडे सोयाबीन सोंगून पडलेलं असतं, हडंबेवाला आज येतो, उद्या येतो म्हणत असतो आणि आभाळ त्याच्याकडे बघून ठरवत असतं. खुराड्याच्या चार कोपऱ्यांना म्हणून मी बल्ल्या आणल्या. त्याच संध्याकाळी पाऊस आला, गंजीवर ताडपत्री टाकली आणि ती उडू नये म्हणून बल्ल्या तिच्यावर गेल्या. पुढे गंज निघाली, तर बल्ल्या कोठ्याच्या मोडक्या आढ्याला टेकू म्हणून लागल्या. तिथून त्या काढायच्या तर आधी आढं बदलायला हवं. आढ्यासाठी आणलेलं लाकूड बंडीच्या दांडीला गेलं होतं. आमच्याकडे कुठलीही वस्तू फुकट जात नाही. ती फक्त ज्या कामासाठी आणली त्या कामाला येत नाही.

मधल्या काळात कोंबडीने तिचं काम उरकून घेतलं. बायकोने माहेराहून खुडूक कोंबडी आणि टोपलंभर अंडी आणली, कोठ्याच्या कोपऱ्यात सोयाबीनच्या कुटारावर तिला बसवलं, आणि 21 दिवसांनी पिल्लं बाहेर. तिला मध्येच कुणी मळणीला बोलावलं नाही. पिल्लांना पहिल्या आठवड्यात 95 अंश फॅरनहाइटची ऊब लागते, बल्ब लावा, मग दर आठवड्याला 5 अंश उतरवा, असं कोंबडीपालनाच्या पुस्तिकेत आहे. कोंबडी हे सगळं पोटाखाली करत होती आणि तिला लाईन लागत नव्हती. थोडक्यात, राहणारी मंडळी तयार होती, घराचा पत्ता नव्हता. तोवर पिल्लं डालग्याखाली, मोठ्या कोंबड्या ट्रॉलीच्या कडेवर आणि कोंबडा माझ्या मोटारसायकलच्या सीटवर. चिखलीला निघालो की मी आधी सीट खरवडतो. बँकेत माझ्या मागे उभा राहणारा माणूस हल्ली जरा अंतर ठेवून असतो.

जागेचा प्रश्न आईने सोडवला. आई माळकरी. कोंबड्यांना तिचा विरोध नाही, पण खुराडं तुळशीच्या नजरेला पडता कामा नये, उखळापासून लांब हवं, आणि पंढरीला जाणाऱ्या माणसाला त्याला वळसा घालावा लागू नये. या सगळ्या अटी पाळणारी जागा घरापाशी नव्हती, म्हणून खुराडं वावरात, कोठ्यामागे. अंडी विकायची, घरात करायची नाहीत. मात्र कोणती कोंबडी कुठे घालते, काल किती घातली आणि नातवाने त्यातलं एक कुठे लपवलं, हा हिशेब तिच्याकडेच असतो. गावरान कोंबडी वर्षाला 60-70 अंड्यांच्या पुढे जात नाही, हे पुस्तक न वाचता तिने सांगितलं आणि वर म्हणाली, "तेवढ्यासाठी एवढं घर?"

काळ्या मातीबद्दल लोक फार प्रेमाने बोलतात. त्यांनी तिच्यात खांब रोवून बघावा. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते, आणि दोन्ही वेळा खांब बाजूला सरकवते. सब्बल मारली तर वरच्या वितीत दगडासारखी, खाली चिकट. सब्बल आत गेली की बाहेर काढायला दुसरा माणूस. यावर उपाय मुरमाचा. मुरूम म्हणजे ट्रॉली, ट्रॉली म्हणजे ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टर हरभऱ्याच्या पेरणीला गेलेला. ट्रॅक्टरवाल्याने आल्यावर मुरूम टाकला, पण वावराच्या तोंडाशी. तिथून तो मी टोपल्याने वाहत होतो, तेव्हा जाणारा येणारा प्रत्येक जण थांबून म्हणाला, "काऊन रे भाऊ, ट्रॉली आतच न्यायची ना."

सल्ल्यांना या कामात तोटा नाही. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवायची, म्हणजे ऊन सरळ आत येत नाही. हे शास्त्र आहे आणि मी तसंच केलं. त्यावर एकाने वास्तूप्रमाणे दार ईशान्येला हवं म्हणून सांगितलं. कोंबडीच्या भरभराटीसाठी की माझ्या, ते त्याने स्पष्ट केलं नाही. दुसरा म्हणाला, घाटाखाली लोक कोंबड्यांना पंखे लावतात. तिसऱ्याचं म्हणणं, गावरान सोड आणि कडकनाथ घे. काळं मटण, झाबुआचं, 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं. मानांकनाच्या दुसऱ्याच वर्षी सांगलीकडे कडकनाथच्या नावावर लोकांचे पैसे कसे बुडाले, हे त्याला आठवत नव्हतं. चौथ्याने गादीला भाताचं तूसच हवं म्हणून हट्ट धरला. पुस्तिकेत तेच लिहिलंय. चिखली तालुक्यात भात ताटात दिसतो, वावरात नाही. मी सोयाबीनचं कुटार टाकलं आणि कोंबड्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. एवढे सल्ले देणाऱ्यांपैकी जाळीचं एक टोक धरायला कुणी थांबलं असतं, तर मी दार ईशान्येलाही केलं असतं.

कारण जाळी एकट्याने लावताच येत नाही. चिखलीच्या बाजारातून आणलेली षटकोनी कोंबडी जाळी गुंडाळीत असते तोवर गरीब असते. एक टोक खिळ्याने ठोकून दुसरं ओढायला गेलं, की ती बाईकवरून उतरवलेल्या पाहुण्याच्या पोरासारखी परत पहिल्या जागी पळते, आणि जाताना मनगट ओरबाडते. बरं, एवढं करून ती लावायची कशासाठी? या जाळीतून कोंबडी बाहेर जात नाही, हे खरं. पण कुत्रं ती दातांनी फाडतं आणि मुंगूस खालून उकरून शिरतं. ही जाळी कोंबडीला आवरायला केलेली आहे. मुंगसाचा विचार ती बनवणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. म्हणून खालच्या दोन फुटांना अर्ध्या इंची वेल्डमेश, तीही वीतभर जमिनीत पुरून बाहेरच्या अंगाला वाकवलेली. याचे वेगळे पैसे आणि पुन्हा सब्बल.

आमच्या बांधकामाची खरी तपासणी कुणी केली असेल तर ती मुंगसाने. सकाळी मी कोठ्यात धार काढत असताना ते बांधावरून यायचं, मागच्या पायांवर उभं राहायचं आणि काम कुठवर आलंय ते बघायचं. मग प्रत्येक कोपऱ्यात नाक लावून एक फेरी. सुतार, वेल्डर आणि मी मिळून जी फट दिसली नाही, ती त्याला सापडली. आम्ही ती बुजवली. दुसऱ्या दिवशी ते आलं, बुजवलेलं तपासलं, आणि पुढची दाखवून गेलं. गेलेल्या एका तलंगेची फी सोडली तर या कामासाठी त्याने काही घेतलं नाही.

लाईनचंही सांगायला हवं. आमच्या फीडरवर थ्री-फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दिवसाची पाळी असली की हरभऱ्याला पाणी, म्हणून खुराडं बंद. रात्रीची असली की रात्रभर पाइप उचलायचे आणि दिवसा झोपायचं, म्हणून खुराडं बंद. ज्या रात्री पाणी नसतं त्या रात्री रोही आणि रानडुकरांसाठी जागल. झटका मशीन लावलंय, पण रोह्याने त्यावरून उडी मारायला कधी शिकून घेतली ते कळलं नाही. तसा मी मचाणावर बसून पहाटेपर्यंत खुराड्याचे आराखडे करतो. मचाणावर झालेलं खुराडं फार देखणं आहे.

घाटाखाली भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडतात. 18 धान्यं मांडून दुसऱ्या पहाटे पाऊस, पीक, शत्रू, राजा, सगळ्यांचं भाकीत निघतं. कोंबड्यांचं काही निघत नाही.

सोयाबीनवाल्याने कोंबडी पाळावी का, हाही एक प्रश्न गावात निघाला. प्रश्न अगदीच वावगा नाही. सोयाबीनमध्ये तेल 18-20 टक्के. बाकी राहते ती पेंड, आणि तिचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे कोंबडी. 2021 साली उन्हाळ्यानंतर सोयाबीन चढत दहा हजारांच्या घरात गेलं, तेव्हा खाद्य महागलं म्हणून पोल्ट्रीवाल्यांनी ओरड केली. ऑगस्टमध्ये केंद्राने 12 लाख टन जनुकीय बदल केलेली पेंड बाहेरून आणायला परवानगी दिली. आमची सोंगणी होईस्तोवर भाव निम्म्यावर. म्हणजे कोंबडीशी आमचं जुनं देणंघेणं आहे. आता चिखलीच्या दुकानातून खाद्याचं पोतं आणतो, त्यात माझंच सोयाबीन तेल काढून, दळून, पोत्यात भरून दुप्पट भावाने परत येतं. पिल्लं ते पायांनी उडवतात.

लशीचंही तसंच. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लासोटा लस पिल्लाला पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब. काम मिनिटाचं. पण कुपी 100 मात्रांची, पिल्लं डझनभर, आणि कुपी एकदा फोडली की दोनेक तासांत संपवायची. थर्मासात बर्फ घालून ती चिखलीहून आणली, तोवर बायकोने आळीत निरोप दिला होता. बाया पदरात, टोपल्यात, एक तर दप्तरात पिल्लं घेऊन हजर. अंगणात एवढी चिवचिव, की आई तुळशीपाशी उठून उभी राहिली. दोन तास मी परक्या पिल्लांच्या डोळ्यात थेंब टाकत होतो. आमची शेवटी राहिली. त्यातली दोन कुणाच्या तरी टोपल्यात गेली असावीत, कारण गणती जमेना. आई म्हणते जमते, बायको म्हणते नाही.

चैत्रात रेणुकामातेच्या यात्रेला पाहुणे आले, तेव्हा खुराडं उभं होतं. पत्रा, जाळी, दार, कडी, सगळं. पाहुण्यांनी बाहेरूनच कोंबड्यांचं वजन किलोत सांगितलं आणि कौतुक केलं. कौतुक नानांनी मात्र केलं नाही. नाना शेजारच्या बांधावरचे. गावात कुठलं बांधकाम झालं की ते योजनेत बसत होतं का, हे बघणं त्यांच्याकडे असतं.

"योजनेतून का नाही केलं?" नाना म्हणाले.

फेब्रुवारी 2021 चा शासन निर्णय त्यांना पाठ होता. शरद पवार ग्रामसमृद्धी योजना, रोजगार हमीतून. 100 पक्ष्यांना 7.5 चौरस मीटर, लांबी 3.75 मीटर, रुंदी 2. लांब बाजूला 30 सेंटिमीटर उंच विटांची भिंत आणि वर जाळी. आखूड बाजूच्या भिंती सरासरी 2.20 मीटर, खर्च 49,760 रुपये. पक्षी 100 नसतील तरी अडत नाही. 100 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर दोन जामीनदार द्यायचे आणि शेड मंजूर झालं की महिन्याच्या आत 100 पक्षी आणून सोडायचे. पीककर्जाला एवढी विचारपूस होत नाही, असं मी म्हणालो. पीककर्ज उडून जात नाही, नाना म्हणाले.

"पण आता तर बांधून झालं," मी म्हणालो.

"तेच चुकतं. कामाआधीचा फोटो लागतो. मग काम चालू असतानाचा, मग झाल्यावरचा. तुझ्याकडे नुसता झाल्यावरचा आहे." त्यांनी खुराड्याभोवती एक फेरी मारली. मुंगूस ज्या कोपऱ्यात थांबायचं तिथेच थांबले. "सोडवायला फार वेळ नाही लागत. पत्रा उतरवला, जाळी काढली, की रिकाम्या जागेचा फोटो. मग चार विटा लावून दुसरा. कोंबड्या 100 भरत नसतील तर आळीतल्या आणू एक दिवस. सांज झाली की त्या आपापल्या घरी जातात. एक जामीनदार मी राहतो, दुसरा तू बघ."

आई कोठ्यापुढे तूर पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "दुसरी मी राहते. जामीनदार माळकरी चालतो का, तेवढं विचारून ये."