बॉक्स स्कोअरची पट्टी कशी तपासावी

हिवाळ्यात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा एनबीएचा सामना आपल्याकडे सकाळी सहाला लागतो. त्या वेळी मुंबई कूस बदलत असते. जागा, चहा झालेला आणि कानावर पेन अडकवलेला माणूस वाशीच्या एपीएमसी मार्केटातच सापडतो. तेव्हा बास्केटबॉलच्या आकडेवारीचा अभ्यास याच बाजाराने हाती घ्यावा, असे आमचे नम्र पण ठाम मत आहे. क्रीडासमीक्षकांवर सोपवून पाहिला, पण समाधान झाले नाही.

पूर्वतयारी फार नाही. सामना पाहू नये, एवढे पथ्य पाळावे. पाहिला की एखादा खेळाडू आवडू लागतो आणि मग त्याच्या चुका हलक्या हाताने लिहिल्या जातात. सामना संपल्यावर जो तक्ता निघतो त्याला बॉक्स स्कोअर म्हणतात. तो हातात घ्यावा आणि शेतकऱ्याला आपण देतो ती हिशोबपट्टीच समोर आहे असे समजून वाचायला बसावे. गुण म्हणजे ढोबळ विक्री. ती सगळ्यांच्या नजरेत भरते, तिच्याकडे शेवटी पाहावे. आधी किती फेक टाकले आणि किती आत गेले ते पाहावे. टर्नओव्हर म्हणजे हातातला चेंडू समोरच्याला देऊन टाकणे, हे घटीच्या खात्यात टाकावे. रिबाउंडचे दोन रकाने असतात. आपलाच फसलेला फेक परत मिळवला तर आक्रमक, दुसऱ्याचा मिळवला तर बचावात्मक. दोन्ही एकत्र करून दाखवणाऱ्या मेहत्याला कामावर ठेवू नये.

आता भाव. बाजार समिती रोज किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर लावते आणि दुसऱ्या दिवशी मथळ्यात कमाल दरच जातो. एका लॉटला चांगला भाव लागला की सगळा कांदा सोन्याचा झाला, अशी बातमी होते. बास्केटबॉलच्या मथळ्यातही कमाल दरच असतो. जाणत्याने सर्वसाधारण दर काढावा. तो शंभर पझेशनमागे किती गुण, असा काढतात. पझेशन म्हणजे चेंडू ताब्यात येण्याची एक पाळी. आपण शंभर किलोंच्या क्विंटलमागे दर बोलतो, त्यामुळे ही पद्धत इथे कोणाला शिकवावी लागू नये. पाळ्या मोजायला टाकलेले सगळे फेक घ्यावेत, त्यातून आक्रमक रिबाउंड वजा करावेत, टर्नओव्हर मिळवावेत आणि फ्री थ्रोची, म्हणजे समोरच्याच्या फाउलबद्दल मिळणाऱ्या मोफत फेकांची, 0.44 पट अधिक करावी. हा 0.44 कडत्यासारखा वाटतो, पण त्यामागे कारण आहे. फ्री थ्रो बहुधा जोडीने मिळतात म्हणून निम्मे, आणि काही झालेल्या बास्केटवर वरकड मिळतात म्हणून निम्म्याहून जरा कमी. कडत्याचे इतके स्पष्टीकरण शेतकऱ्याला आजवर कोणी दिलेले नाही.

सरावासाठी घरचाच माल घेऊ. 4 आणि 5 ऑक्टोबर 2019 रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज हे संघ हंगामपूर्व सामने खेळले. एनबीएच्या दोन संघांची भारतातली ती पहिलीच लढत. कांदा-बटाटा मार्केटला तिकडे लक्ष द्यायला सवड नव्हती, कारण 29 सप्टेंबरला केंद्राने कांद्याची निर्यात बंद करून घाऊक व्यापाऱ्याच्या साठ्यावर 500 क्विंटलची मर्यादा घातली होती. म्हणून ती पट्टी आता उशिराने तपासायची. पहिला सामना पेसर्सनी जादा वेळेत 132-131 असा जिंकला, दुसरा 130-106 असा. कोणत्या दिवशी त्यांचा खेळ तेजीत होता? घाईचा माणूस 132 म्हणेल. पण पाळ्या मोजण्याआधी निदान वेळ तरी सारखी करून घ्यावी. पहिल्या दिवशी वजन जास्त होते: 48 मिनिटे आणि वर जादाची 5. 132 ला 53 ने भागून 48 ने गुणले की सुमारे 119.5 येतात. दुसऱ्या दिवशीचे 130 मात्र नेमक्या 48 मिनिटांतले. एवढा हिशोब मापाडी उभ्या उभ्या करतो.

किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले आहेत. आडनाव पाहून त्यांच्या बाजूने झुकू नये. पट्टीत आडनावाला भाव नसतो.

जुनी पट्टी तपासायची हौस असेल तर 2 मार्च 1962 ची घ्यावी. पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावी विल्ट चेंबरलेनने फिलाडेल्फिया वॉरियर्ससाठी न्यूयॉर्क निक्सविरुद्ध एकट्याने 100 गुण केले. टीव्हीचे चित्रण नाही, तपासायला आहे तो कागद. कागद चोख आहे. 63 पैकी 36 बास्केट, प्रत्येकी दोन गुण, म्हणजे 72. फ्री थ्रो 32 पैकी 28. बेरीज शंभर. तीन गुणांचा फेक एनबीएत 1979 मध्ये आला, त्यामुळे त्याची भानगड नाही. संघाचे एकूण 169. इथे थांबून शेजारची ओळ वाचावी, जी कोणी वाचत नाही: अल ॲटल्सचे 8 पैकी 8 बास्केट, वर 1 पैकी 1 फ्री थ्रो, गुण 17. घट शून्य. आणि त्याखाली गाय रॉजर्स, ज्याने 20 वेळा दुसऱ्याला माल पोचवला. कमाल दर विल्टचा लागला, गाडी मात्र रॉजर्सने खाली केली.

त्याच कागदावर ब्लॉकचा, म्हणजे समोरच्याचा फेक हवेत अडवण्याचा, रकानाच नाही. एनबीएने ब्लॉक आणि स्टील, म्हणजे चेंडू हिसकावणे, 1973-74 च्या हंगामापासून मोजायला घेतले, तोवर विल्ट निवृत्त झाला होता. अडवण्यात ज्याचा हात कोणी धरला नाही, त्याच्या नावावर अधिकृत ब्लॉक एकही नाही. हे माथाडींना समजावत बसू नये. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा येईपर्यंत त्यांच्या पाठीवरच्या ओझ्याला तरी कुठल्या वहीत रकाना होता?

असिस्टच्या रकान्याबाबत सावध असावे. हा रुमालाखालचा सौदा आहे. पास दिला आणि त्यातूनच बास्केट झाली की नाही, हे टेबलाशी बसलेला हिशोबनीस ठरवतो, आणि यजमान शहरातल्या हिशोबनिसाचा हात सैल असतो असा जुना बोलवा आहे. 1997 मध्ये व्हँकुव्हरला निक व्हॅन एक्सेलच्या नावावर 23 असिस्ट लागले. त्यातले बरेच आपण मौजेखातर वाढवले, असे तिथल्या हिशोबनिसाने पुढे सांगून टाकले. आपल्याकडे रुमाल उचलून असे सांगणारा अजून निघायचा आहे.

उजवीकडचा शेवटचा रकाना प्लस-मायनसचा. खेळाडू मैदानावर असताना संघ किती पुढे सरकला किंवा मागे पडला, ते यात कळते. भल्याभल्यांचा यात गोंधळ होतो, पण ताळा सोपा आहे: मैदानावर एका वेळी पाचजण, म्हणून सगळ्या संघाची बेरीज विजयाच्या फरकाच्या पाचपट यायला हवी. वरळीत पहिल्या दिवशी पेसर्सची अधिक 5, दुसऱ्या दिवशी अधिक 120. जमली नाही तर पट्टी परत पाठवावी. एक पैसा न कमावता अधिक 15 दाखवणारा माणूस यात हमखास सापडतो. बहुधा तो चांगल्या मंडळींच्या मागे उभा असतो. अशी माणसे प्रत्येक गाळ्यावर असतात, नावे घेत नाही.

तक्त्याच्या तळाशी काही नावांपुढे आकड्यांऐवजी एक शेरा असतो: खेळला नाही, प्रशिक्षकाचा निर्णय. म्हणजे माल बाजारात आला, गोणी उघडली, पण सौद्याला लावलीच नाही. तरी त्या खेळाडूचा पगार ठरल्याप्रमाणे सुरू असतो. ही ओळ मनातल्या मनात वाचावी. हमालांसमोर मोठ्याने वाचून दाखवल्यास दुपारची गाडी वेळेवर खाली होण्याची हमी आम्ही देत नाही.