यादीत एक, दारात चार

काकींच्या दोरीवर पाहुण्यांची ठेवणीतली चादर वाळत होती, म्हणून गडग्यावरूनच विचारलं, "काय काकी, पावणे इल्ले?"

"पावणो कसलो गो, भाचो तो मुंबयचो. सकाळी इलो, दुसऱ्या दिसा गेलो. तेचे म्हणे बारा पुरे करूचे होते. सिंधुदुर्ग ऱ्हवलेलो, तो करून गेलो."

बारा म्हणजे युनेस्कोचे. ११ जुलै २०२५ ला मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात गेले आणि गडांवर फिरणाऱ्या पोरांना आयती यादी मिळाली. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, आपल्या जिल्ह्यातले विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग, आणि बारावा थेट तामिळनाडूतला जिंजी. पूर्वी ही मंडळी भेटली की एकमेकांना "किती झाले?" एवढंच विचारायची. आता "बारातले किती?" असं विचारतात.

या भाच्याची गंमत अशी, की जिंजीला जाऊन आला पण मामाच्या गावचा किल्ला राहिला. चतुर्थीला आला तेव्हा दर्या खवळलेला, होड्या बंद. मे संपत आला की किल्ल्याकडच्या होड्या ओढून ठेवतात त्या ऑगस्ट संपेपर्यंत, आणि पुढेही समुद्र म्हणेल तेव्हा. हे मालवणच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण यादीत फक्त किल्ल्याचं नाव असतं, होडीचं वेळापत्रक नसतं.

"मगे ह्या टायमाक बघल्यान तरी नीट?" मी विचारलं.

"नीट कसला! होडीवाल्यान तासाभराचो टायम दिल्यान. देवळात पाया पडलो, म्हाराजांच्या हाताचो नि पायाचो ठसो बघल्यान, शहाळा प्यालो नि पळालो. मी इचारलंय, तटावर चढलंस? तर म्हणता, टायम नाय गावलो."

अठ्ठेचाळीस एकरांचं बेट ते. भोवतालचा तट नागमोडी, तीनेक किलोमीटरचा. आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूकडे खारं पाणी आणि मध्ये गोड्याच्या विहिरी. २५ नोव्हेंबर १६६४ ला मोरयाच्या धोंड्यावर पूजा करून महाराजांनी हा किल्ला बांधायला घेतला. तो तासाभरात 'झाला' म्हणायचं, हे काकींना पटेना. मला विचाराल तर डोंगरी किल्ल्यावर निदान चढताना घाम तरी येतो. साल्हेर १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यांत उंच किल्ला. तिथे पायच सांगतात की तुम्ही आलात. इथे होडीत बसायचं आणि होडीतून उतरायचं.

तरी मी भाच्याची बाजू घेतली. म्हटलं, यादी नसती तर तो चतुर्थीशिवाय तोंड दाखवता का? आणि हे वेड काही आपल्याकडचंच नाही. माझी पुतणी स्कॉटलंडात आहे, तिने सांगितलेलं काकींना सांगितलं. तिथे ह्यू मन्रो नावाच्या गृहस्थाने १८९१ मध्ये तीन हजार फुटांवरच्या डोंगरांची यादी छापली. आज त्या यादीत २८२ डोंगर आहेत आणि ते सगळे चढायला माणसं आयुष्य घालवतात. मधूनमधून पुन्हा मोजणी होते. २०१२ मध्ये एक डोंगर हातभर कमी भरला, तर काढला यादीतून. खुद्द मन्रोची यादी पुरी झालीच नाही. थोडे राहिले असतानाच १९१९ मध्ये तो वारला.

"अरे देवा. मगे पयलो कोणी पुरी केल्यान?"

"एका पाद्र्यान. १९०१ साली. पण मागाहून लोकांनी तेच्या वह्या वाचल्यानी. एका डोंगरार पावस लागलो म्हणान तो टोकाक पोचाच्या आधीच परत फिरल्यालो, असा तेच्यात गावला."

काकी इतक्या खूश झाल्या की हातातली शिपटी गडग्याला टेकवून ठेवली. "म्हणजे पाद्री पण! मगे आमचो भाचो काय वायट, तटावर चढूक नाय तर नाय."

माझं दुखणं वेगळं. सिंधुदुर्ग एकटा कधी नव्हताच. समोर किनाऱ्यावर राजकोट, कोळंबच्या खाडीच्या तोंडावर सर्जेकोट, आणि दांडीसमोर पद्मगड, जिथे ओहोटीला चालत जाता येतं. तिन्ही त्याचे राखणदार. राजकोटावर आता पुतळा बघायला गर्दी असते, पण पद्मगडावर वेताळाच्या देवळात जाणारे ते दांडीचेच. भाच्याला ओहोटीची वेळ विचारून पाठवला असता तर तासाभरात तोही झाला असता. पण तो बारांत नाही ना.

"तू सांगतंस मोठी," काकी म्हणाल्या, "तू गेलंस काय कधी सर्जेकोटार?"

मी विषय बदलला. काकींचं माहेर मसुऱ्याचं. म्हटलं, दरवर्षी आंगणेवाडीच्या जत्रेला जाता, वर भरतगड दिसतो, कधी चढलात?

"भरतगड? गो, तो परसात. परसात कोण चढता?"

पण त्याची हकिकत मात्र काल घडल्यासारखी सांगितली. सावंतवाडीच्या फोंड सावंतांनी त्या डोंगरावर आधी खडकात खोल विहीर खणून बघितली, पाणी लागलं, मग १७०१ च्या सुमारास किल्ला उभा केला. ते बघून खाडीपलीकडे बावड्याच्या पंत अमात्यांनी भगवंतगड बांधला. तोफेच्या टप्प्यात दोन शेजारी, मध्ये गडनदीचा गडगा. बिचाऱ्या दोघांनाही ना युनेस्को विचारत, ना भाचा.

"मगे येत्या आयतवारी जावया काय? दोनव करूया. तुमचो भरतगड, नि तरीतून पलीकडे जावन भगवंतगड."

काकींनी शिपटी उचलली. "भरतगडार येतंय. भगवंतगडार मी जावचंय नाय."

"कित्याक?"

"तो पंतांचो. आमी सावंतांकडचे."