बॉम्बरोधक खोलीतल्या चकल्या

सिंगापूरला बदली झालेला, होऊ घातलेला किंवा नुसतीच तशी हवा करणारा प्रत्येक पुणेकर हल्ली प्रस्तुत लेखकाला फोन करतो. हे सल्लागारपद लेखकाने स्वतःच स्वतःकडे घेतलं आहे. त्याला कोणी नेमलेलं नाही, त्यामुळे काढून टाकण्याचीही सोय नाही.

चुइंगम, दंड, स्वच्छता वगैरे विषय तो "ते यूट्यूबवर बघा" म्हणून उडवून लावतो आणि खर्जात आवाज लावून घरभाड्याच्या करारावर येतो. करार दोन वर्षांचा, तर अनामत सहसा दोन महिन्यांचं भाडं. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या 0.4 टक्के, तेही भाडेकरूनेच भरायचं. एसीचं सर्व्हिसिंग बहुधा दर तीन महिन्यांनी, आपल्याच खिशातून, आणि पावत्या जपून ठेवायच्या. 'डिप्लोमॅटिक क्लॉज' नसेल तर सही करायची नाही. नोकरी गेली किंवा बदली झाली तर साधारण वर्षभरानंतर दोन महिन्यांची नोटीस देऊन त्या कलमाच्या आधाराने सुटता येतं. त्याचा राजदूतांशी काही संबंध नाही, हे लेखक अशा थाटात सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, हा परराष्ट्र खात्यातूनच निवृत्त झालाय.

कार्डावर 'व्हाइस प्रेसिडेंट' छापून आलं तेव्हा त्याने त्याचा फोटो समस्त नातेवाइकांना पाठवला होता. इथल्या बँकांत हे पद इतकं मुबलक आहे की लिफ्टमध्ये कुणाच्या पायावर पाय पडला तर तो व्हाइस प्रेसिडेंटचाच निघतो. त्यापेक्षा ऑफिसखालच्या हॉकर सेंटरमधली कॉफीवाली आंटी बरी. ती लेखकाला 'हँडसम' म्हणते. ही पदवी ती रांगेतल्या प्रत्येक पुरुषाला देते, पण लेखक त्या वेळी मागे वळून बघत नाही.

घर शोधणं मात्र हसण्यावारी नेता आलं नाही. जाहिरातीत अट असायची, 'लाइट कुकिंग ओन्ली'. आता हिंग-मोहरीची फोडणी लाइट की हेवी, हे ठरवायचं कुणी? पण बहुतेकदा गोष्ट फोडणीपर्यंत पोचायचीच नाही. एजंटचा पहिला प्रश्न, भारतीय का? आणि मग, सॉरी, मालकाला भारतीय नकोत. लेखक 'व्हाइस प्रेसिडेंट'मधल्या 'व्हाइस'पर्यंत येईतो फोन बंद झालेला असे.

हे लागलं. चांगलंच लागलं. वंशावरून, मसाल्याच्या वासावरून माणसाला घर नाकारणाऱ्या मनोवृत्तीवर त्याने रात्री जेवताना बायकोला लांबलचक व्याख्यान दिलं. तिने ताटावरून न उठता मोबाइल पुढे सरकवला. त्यांच्याच कोथरूडच्या फ्लॅटची जाहिरात होती: 'भाड्याने देणे, फक्त शाकाहारी कुटुंबास'.

"ते वेगळं," लेखक म्हणाला. कसं वेगळं, ते अजून जुळवतोय.

शेवटी एचडीबीच्या, म्हणजे सरकारी मंडळाने बांधलेल्या इमारतीत घर मिळालं आणि त्यासोबत मिळाली बॉम्बरोधक खोली. (इथून पुढे विषय थोडा सुटेल. लेखकाचा नाइलाज आहे.) 1998पासून इथल्या नव्या घरांना अशी खोली कायद्याने सक्तीची आहे. जाड काँक्रीटच्या भिंती, पोलादी दार, खिडकी नाही आणि मोबाइलला रेंजही नाही. भिंत फोडायची नाही, दार काढायचं नाही, बाकी शांततेच्या काळात कोठीची खोली म्हणून खुशाल वापरा. शेजारी तिथे बूट आणि सुटकेस ठेवतात. लेखकाने भाजणी, मेतकूट, आमसुलं, कुकरच्या जादा रिंगा आणि दिवाळीत फराळाचे डबे ठेवले. उद्या शहरावर क्षेपणास्त्र पडलंच, तर मरीना बेचं काय व्हायचं ते होवो, चकलीचा काटा मोडणार नाही. पाहुण्यांना तो आधी ही खोली दाखवतो, समुद्र नंतर. घरात वाद तापला की आमसुलं नीट करायला तिथेच जाऊन बसतो.

आई आली तेव्हा तिने दारावर टकटक करून बघितलं. "युद्ध व्हायचंय का रे इथे?"

"नाही गं, खबरदारी म्हणून."

"एकाहत्तर साली आम्ही दादरला काचांना काळे कागद चिकटवले होते. तेवढ्यावर भागलं," असं म्हणून तिने चिवड्याचा डबा बाहेर काढला.

आई थोड्या दिवसांच्या व्हिसावर येते आणि जाते. बायकोमुलांना सोबत आणायचं तर निश्चित मासिक पगार किमान 6,000 सिंगापूर डॉलर लागतो. आईवडिलांना दीर्घ मुदतीच्या पासवर ठेवून घ्यायचं, तर 12,000. सरकारने आईचा भाव बायकोच्या दुप्पट लावलाय, हा विनोद लेखकाने घरात एकदाच केला. नातेवाइकांना तो सांगतो, आईला तिकडे करमत नाही, तिचं भजनी मंडळ पुण्यात आहे. आई हे शेजारी बसून ऐकते आणि "हो ना, मंडळ सोडवत नाही," म्हणते. तिला भजनाचा मनस्वी कंटाळा आहे.

"आईबाबांना आणायचं असेल तर पगार किती मागू?" असं फोनवर कुणी विचारलं तर लेखक आकडा तोंडपाठ सांगतो. "तुमचा केवढा आहे?" असं त्याने पुढे विचारलं की मात्र रेंज जाते. लेखक तेव्हा नेमका पोलादी दाराआड चकल्या मोजत असतो.